पेत्राचा नरक आणि पर्पेतुआचा हौद : एक दुरुस्ती

तीन वर्षांपूर्वी याच संकेतस्थळावर माझा 'नरकाचा नकाशा' नावाचा निबंध आला होता. त्यात मी दोन विधानं ठासून केली होती. एक, ख्रिस्ती नरकाची कल्पना आपल्या गरुडपुराणावरून उचललेली आहे. दोन, ख्रिस्ती मताप्रमाणे माणूस मेला की निकाल लागला, मागे राहिलेल्यांना त्याच्यासाठी मग काहीही करता येत नाही. बैठकीत निबंध वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोघातिघांनी पाठही थोपटली. आज लिहायला बसलोय ते एवढ्यासाठी, की पहिलं विधान साफ चुकीचं होतं आणि दुसरं निम्मं चुकीचं.

चूक कळली ती एका फोनमुळे. आपल्या मंडळात येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, कॅथलिक, घरात कोकणी आणि बाहेर आपल्यासारखीच बेळगावी मराठी. निबंध वाचून त्या म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही लिहिलंय ते खरं असेल तर दर २ नोव्हेंबरला आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या कशाला लावतो? माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना गेला. आई स्वतः जाईपर्यंत त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला लावायची. ती काय येडी होती?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. मी फक्त इतिहास सांगतो, श्रद्धेचं मला विचारू नका, वगैरे. फोन ठेवल्यावर माझं मलाच ते उत्तर पटेना, कारण प्रश्न श्रद्धेचा नव्हताच. पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती लोक मेलेल्यांसाठी काय करत होते आणि काय मानत होते, हा सरळ इतिहासाचा प्रश्न होता आणि मी तो न वाचता लिहिला होता.

आधी माझी लायकी सांगतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर. सव्वीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीत काढली. ग्रीक, लॅटिन, गीझ यातलं एक अक्षर मला येत नाही. जे वाचलंय ते इंग्रजी भाषांतरांतून. एम. आर. जेम्स यांचं १९२४चं अपोक्रिफल ग्रंथांचं भाषांतर आणि त्यानंतरच्या अभ्यासकांची दोनचार पुस्तकं एवढ्यावर हा निबंध उभा आहे.

आता गरुडपुराणाचा निकाल आधी लावतो, म्हणजे तो विषय संपेल. ज्यात यातनांची वर्णनं आहेत तो प्रेतकल्प अभ्यासक बऱ्याच उत्तरकाळातला मानतात. 'पेत्राचे प्रकटीकरण' हे ख्रिस्ती नरकाचं सर्वांत जुनं सविस्तर वर्णन इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातलं आहे. नंतरच्या ग्रंथावरून आधीचा ग्रंथ कसा काय उतरवला जाईल? ड्रॉइंगवरची तारीख न बघता जॉब मशीनवर लावणाऱ्या पोराला मी शॉपमध्ये जे ऐकवलं असतं, ते मला त्या दिवशी कुणीतरी ऐकवायला हवं होतं. आपल्याकडेही नरकाच्या जुन्या याद्या आहेत, मनुस्मृतीत २१ नरकांची नावं येतात, महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर नरक बघून येतो. पण तिथून पॅलेस्टाइन किंवा इजिप्तपर्यंत कुठलाही धागा दाखवता येत नाही. खोटं बोलणाऱ्याच्या जिभेला शिक्षा व्हावी ही कल्पना सुचायला कुणाची नक्कल करावी लागत नाही. असो.

मुळात 'ख्रिस्ती नरक' असं एकवचनात बोलणंच चुकीचं. पहिल्या तीनचार शतकांत मेल्यानंतरच्या जागा अनेक आहेत आणि त्या एकमेकींत बसत नाहीत. सुरुवातीला ज्यू लोकांचा शेओल : जमिनीखालची अंधारी जागा, तिथे चांगले-वाईट सगळेच जातात आणि सावलीसारखे पडून राहतात. शिक्षा नाही, बक्षीस नाही. मग इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास हनोखाच्या नावावरच्या ग्रंथात, त्याच्या २२व्या अध्यायात, या शेओलला भिंती पडतात. हनोखाला एका डोंगरात पोकळ्या दिसतात, न्यायाच्या दिवसापर्यंत आत्मे त्यात वेगवेगळे ठेवलेले. नीतिमानांच्या पोकळीत उजेड आहे आणि पाण्याचा झरा आहे, बाकीच्या अंधाऱ्या. हा झरा ध्यानात ठेवा, पुढे तो लागणार आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या गोष्टीतही श्रीमंत मागतो काय, तर बोटाच्या टोकाला लागेल एवढं पाणी. आणि दोघांच्या मध्ये मोठी दरी आहे, ती ओलांडता येत नाही.

तिसरी जागा गेहेन्ना. ही खरीखुरी भौगोलिक जागा आहे, जेरुसलेमच्या दक्षिणेला असलेली हिन्नोमची दरी. तिथे एके काळी लेकरांचे बळी दिले जात, म्हणून ती शापित मानली गेली. इथे वारसाप्रेमी मंडळींना एक सावधगिरीची सूचना. तिथे शहराचा कचरा अखंड जळत असे, त्यावरून नरकाग्नीची कल्पना आली, असं सर्रास सांगितलं जातं. मीही माझ्या निबंधात ते लिहिलं होतं. त्या कचऱ्याचा पहिला उल्लेख सापडतो तो इ.स. १२००च्या सुमाराला, दाविद किम्ही या ज्यू भाष्यकाराच्या लिखाणात. म्हणजे येशूनंतर जवळजवळ बारा शतकांनी. त्याच्या आधीचा कुणीही साक्षीदार नाही. गाईड सांगतो म्हणून बांधकामाची तारीख मानायची नाही, हे आपण किल्ल्यांच्या बाबतीत शिकलोय, तोच नियम इथेही.

या बाबतीत मराठी बायबलचं कौतुक करायला हवं. जुन्या राजमान्य इंग्रजी भाषांतरात हेडीस आणि गेहेन्ना या दोन वेगळ्या ग्रीक शब्दांना एकच 'हेल' वापरलाय, त्यामुळे वाचणाऱ्याला सगळी एकच भट्टी वाटते. मराठीत मृतांच्या जागेला 'अधोलोक', आगीच्या जागेला 'नरक' आणि क्रुसावरच्या चोराला जिचं वचन मिळतं त्या जागेला 'सुखलोक' असे तीन शब्द आहेत. भेद शाबूत राहतो. त्याआधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला, गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत नरकाला आजही 'यमकोंड' म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने कुठला शब्द उचलला यावर पुढच्या पिढ्यांना परलोक कसा दिसणार हे ठरतं. पण हे शब्द सतराव्या शतकानंतरचे, त्यावरून दुसऱ्या शतकात कुणी काय मानत होतं ते कळत नाही. मी नेमकी हीच गल्लत केली होती : यमकोंड शब्दात यम आहे, म्हणजे कल्पना आपली!

आता मुख्य ग्रंथाकडे. पेत्राचे प्रकटीकरण एके काळी बायबलात जायच्या बेतात होतं. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्यातले उतारे धर्मग्रंथाच्या मानाने दिले आहेत. मुरातोरी यादीत ते योहानाच्या प्रकटीकरणाशेजारी येतं, पण आमच्यापैकी काहींना ते मंडळीत वाचलेलं नको आहे, अशी पुस्ती जोडून. पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन सांगतो की पॅलेस्टाइनमधल्या काही मंडळ्यांत ते अजूनही दरवर्षी उत्तम शुक्रवारी वाचलं जातं. मग ते नाहीसं झालं ते पार १८८६-८७च्या हिवाळ्यापर्यंत. इजिप्तमध्ये अखमीम इथे फ्रेंच पथकाला एका थडग्यात चर्मपत्राची वही मिळाली, तीत पेत्राच्या नावाचं शुभवर्तमान होतं आणि या प्रकटीकरणाचा तुकडाही. १८९२ला तो छापला गेला. पुढे १९०७ ते १९१०च्या दरम्यान सिल्व्हँ ग्रेबो यांनी एका इथिओपिक हस्तलिखिताचा मजकूर छापला आणि त्यात हाच ग्रंथ पूर्ण स्वरूपात दडलाय हे जेम्स यांनी ओळखलं.

ग्रंथात येशू (अखमीमच्या प्रतीत पेत्र स्वतः) एकेक जागा दाखवत जातो. देवनिंदा करणारे जिभेला टांगलेले. खोटे साक्षीदार स्वतःची जीभ चावतायत, तोंडात आग. खुनी माणसं विषारी प्राण्यांनी भरलेल्या अरुंद घळीत, आणि त्यांनी मारलेल्यांचे आत्मे उभे राहून बघतायत. व्याजबट्टा करणारे पू आणि रक्ताच्या तळ्यात गुडघाभर. अनाथ आणि विधवा यांच्याकडे पाठ फिरवून पैशावर विसंबलेले श्रीमंत चिंध्या नेसून तापलेल्या, तलवारीपेक्षा धारदार खड्यांवर लोळतायत. व्यभिचारासाठी केस सजवणाऱ्या बायका केसांनी टांगलेल्या, खाली उकळता चिखल.

साहित्य म्हणून हे कसं आहे? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पहिल्या वाचनात अंगावर येतं, दुसऱ्या वाचनात यादी वाटते. एकाही पापी माणसाला नाव नाही, गाव नाही, तोंडात एखादं स्वतःचं वाक्य नाही. सगळे आपापल्या पापाचे नमुने. स्टोअरमधल्या रॅकवर डिफेक्टिव्ह कास्टिंग लावून प्रत्येकाला टॅग अडकवावा : हा ब्लोहोल, हा श्रिंकेज, हा मिसरन. मार्था हिमेलफार्ब यांनी 'टूर्स ऑफ हेल' (१९८३) या पुस्तकात याच टॅगकडे लक्ष वेधलंय. हे कोण, तर हे ते, ज्यांनी अमुक केलं, अशी बोट दाखवून ओळख करून देण्याची पद्धत. त्यांच्या मते ही पद्धत ज्यू दर्शनग्रंथांतून येते. त्यांच्या आधी, अखमीमची प्रत छापल्यावर वर्षभरातच, १८९३ला आल्ब्रेश्त डीटेरिश यांनी 'नेकिया' लिहून हे सगळं ग्रीक ऑर्फिक पंथातून आलं असं मांडलं होतं. हिमेलफार्ब यांचा पुरावा मला जास्त भरीव वाटतो, कारण डीटेरिशना ज्यू बाजूची कागदपत्रं जवळजवळ दुर्लक्षित करावी लागतात. मात्र त्यांना अगदी मोडीत काढता येत नाही, का ते पुढे येईल. एवढं खरं की उगमाचं भांडण दीडशे वर्षांच्या आतलं आहे आणि ते भांडणारे माझ्यापेक्षा फार जास्त वाचून भांडतात. मी मात्र गरुडपुराण हातात घेऊन मध्येच उडी मारली होती.

या यादीत एक गोष्ट मात्र मला खरोखर चांगली वाटते. ज्याला त्रास झाला त्याला इथे जागा आहे. खुन्याच्या घळीवर खून झालेला उभा आहे. टाकून दिलेली लेकरं आईबापांसमोर आहेत आणि त्यांना सांभाळायला एक देवदूत नेमलाय. व्याजखोर, खोटा साक्षीदार, विधवेला न विचारणारा शेठ यांच्यावर इहलोकात खटला चालत नव्हता. ज्या लोकांमध्ये हा ग्रंथ वाचला गेला ते स्वतः छळ सोसणारे अल्पसंख्य होते, त्यांच्या बाजूने कुठलंच कोर्ट नव्हतं. छळ करणाऱ्यांना या नरकात अर्धं अंग जळत ठेवलंय. हा राग आहे, आणि तो कुठून आला हे समजतं.

आणि मग येतो तो भाग, ज्याच्यासाठी हा निबंध लिहितोय. व्हिएन्नाच्या राइनर संग्रहात या ग्रंथाच्या ग्रीक प्रतीचं एक पान आहे. त्यावरचा मजकूर साधारण असा : न्याय झाल्यावर निवडलेले लोक ज्याच्या ज्याच्यासाठी मागणी करतील, त्याला मी शिक्षेतून काढून त्यांच्या हवाली करीन आणि अखेरूसियाच्या तळ्यात त्याला चांगला बाप्तिस्मा देईन. जागेचं नावही दिलंय, एलिसियन मैदान. अखेरूसिया आणि एलिसियम ही दोन्ही नावं ग्रीक परलोकाची. (डीटेरिशना मोडीत काढता येत नाही म्हटलं ते याचसाठी.) म्हणजे ज्या ग्रंथाने नरकाची भिंत बांधली, त्याच ग्रंथाने तिला दार ठेवलं होतं, आणि दाराची किल्ली वाचलेल्यांच्या हातात दिली होती. ज्याचा खून झाला तो घळीवर उभा आहे. त्याने मागितलं तर खुनीसुद्धा बाहेर येईल.

हे दार कुठे गेलं? इथिओपिक प्रतीत याच जागी मजकूर बदलून गुळगुळीत झालाय, मागणीचा अर्थच उरत नाही. त्याच हस्तलिखितात पुढे जोडलेल्या भागात पापी लोकांवरच्या दयेचं बोलणं येतं, पण ते गुपित ठेव, लोकांना कळलं तर ते आणखी पाप करतील, असं पेत्राला बजावलेलं आहे. सिबिलीय वाणीच्या दुसऱ्या भागात या प्रकटीकरणाचा पद्य अवतार आहे, त्यात संतांच्या मागणीवरून पाप्यांना सोडवण्याच्या ओळी शाबूत आहेत. पण काही प्रतींत तिथेच नंतरच्या कुणीतरी खंडनाच्या ओळी घातल्यात : हे साफ खोटं आहे, ती आग कधीच थांबणार नाही, आणि ऑरिजेनने असली बडबड थांबवावी. ऑरिजेन तिसऱ्या शतकातला, शिक्षा म्हणजे औषध आणि शेवटी सगळेच बरे होतील असं मानणारा. त्याच्या या मताला सहाव्या शतकात अधिकृतपणे निषिद्ध ठरवलं गेलं. ड्रॉइंगची रिव्हिजन अशीच होते. एकजण रेषा खोडतो, दुसरा समासात शेरा मारतो, आणि शॉपमध्ये शेवटची प्रत पोचते तेव्हा तिथे कधी दार होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. माझ्यासारखा माणूस मग शेवटची प्रत बघून लिहितो की ख्रिस्ती मतात मेल्यावर सुटका नाही.

ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या २१व्या भागात अशा दयाळू ख्रिस्ती लोकांचा समाचार घेतलाय, ज्यांना वाटत होतं की न्यायाच्या दिवशी संत आपल्या प्रार्थनेने पाप्यांना सोडवून घेतील. त्याने खोडून काढायला एवढी पानं खर्च केली त्याअर्थी असं मानणारे बरेच असणार. लोकांना ही कल्पना सोडवत नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीच्या 'पौलाच्या दर्शनात' पाप्यांना रविवारी, प्रभूच्या दिवशी, यातनांतून विश्रांती मिळते. साप्ताहिक सुट्टी! हसू येतं, पण ज्याने लिहिलं त्याला सात दिवस सलग आग सहन झाली नाही, एवढं नक्की. त्याच ग्रंथात नरकात बिशप, प्रेस्बिटर, डीकन सगळे हजर आहेत, हेही जाता जाता सांगतो.

आपल्या मार्कंडेय पुराणात विपश्चित राजाची कथा आहे. किरकोळ चुकीपायी त्याला नरक बघावा लागतो, त्याच्या अंगावरून आलेल्या वाऱ्याने तिथल्या लोकांना गारवा वाटतो, म्हणून तो बाहेर यायला नकार देतो आणि आपलं पुण्य त्यांना देऊन टाकतो. आता मी पुन्हा उगमाच्या भानगडीत पडणार नाही. दोन्हीकडे कुणाला तरी तोच प्रश्न पडला होता, एवढंच.

पण बाईंच्या भावाचं उत्तर पेत्रात नाही. पेत्रातलं दार शेवटच्या न्यायानंतर उघडतं. आजच मेलेल्या लेकराचं काय? त्यासाठी कार्थेजला जावं लागतं.

७ मार्च २०३. आजच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेज शहरात, सीझर गेटाच्या वाढदिवसाच्या खेळांत, काही ख्रिस्ती लोकांना जनावरांपुढे सोडलं गेलं. त्यांच्यात विबिया पर्पेतुआ होती, वय २२च्या आसपास, अंगावर पिणारं मूल. तुरुंगात तिने स्वतः लिहिलेली टिपणं एका संपादकाने पुढे-मागे मजकूर जोडून जपली आहेत. प्राचीन काळातल्या बाईने स्वतःबद्दल लिहिलेलं इतकं थोडं उरलंय की एवढ्यासाठीच हा ग्रंथ वाचावा. पण मला तो परलोकाच्या साहित्यातही सगळ्यांत वरचा वाटतो.

शिक्षा झाल्यानंतर एक दिवस प्रार्थना करताना तिच्या तोंडून अचानक एक नाव निघतं, दिनोक्रातेस. तिचा धाकटा भाऊ. चेहऱ्याला कॅन्सर होऊन सात वर्षांचा असताना वारलेला. बघवणार नाही असं मरण होतं ते. इतके दिवस आपल्याला त्याची आठवणही झाली नव्हती याचं तिला आश्चर्य वाटतं. त्या रात्री तो तिला दिसतो. अंधाऱ्या जागेतून बाहेर येणारा, तापलेला, तहानलेला, कपडे मळके, तोंडावर तीच जखम. दोघांच्या मध्ये मोठं अंतर, एकमेकांकडे जाता येत नाही. तिथे पाण्याने भरलेला हौद आहे, पण हौदाचा काठ मुलाच्या उंचीपेक्षा वर आहे. तो टाचा उंचावतो, पाणी मिळत नाही. ती जागी होते आणि त्याच्यासाठी रात्रंदिवस रडून प्रार्थना करत राहते.

मग एके दिवशी खोड्यात पाय अडकलेले असताना पुन्हा दिसतं. मुलगा स्वच्छ, चांगले कपडे, जखमेच्या जागी नुसता व्रण. आणि हौदाचा काठ खाली आलाय, मुलाच्या बेंबीपर्यंत. काठावर सोन्याचं भांडं आहे, कितीही प्यायलं तरी ते रितं होत नाही. तो पोटभर पितो आणि मग लहान मुलं जातात तसा खेळायला निघून जातो.

पेत्राच्या सगळ्या उकळत्या चिखलासमोर हा एक काठ ठेवून बघा. इथे न्यायाधीश नाही, टॅग नाही, कुणी वाट दाखवणारा देवदूत नाही. मुलाने काय पाप केलं याचा एक शब्द नाही. अडचण मोजता येण्यासारखी आहे : एवढी उंची, एवढा हात. आणि उपायही तेवढाच. काठ खाली येतो. मुलगा आहे तेवढाच राहतो, त्याच्या लायकीत काही वाढ होत नाही. फाउंड्रीत मे महिन्यात क्युपोलासमोर हीट काढताना सहासहा तास उभा राहिलो आहे. लॅडल रिकामी करून पोरं आधी माठाकडे धावायची. पोळल्यापेक्षा तहान आधी बोलते. पर्पेतुआच्या काळच्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. लॅटिनमध्ये मेलेल्यांच्या सुखाला त्यांचा शब्दच 'रेफ्रिगेरियम', म्हणजे गारवा. रोममध्ये अप्पियन रस्त्यावर सान सेबास्तियानो इथे तिसऱ्या शतकात लोकांनी भिंतीवर ओरखडून ठेवलंय की आम्ही पेत्र आणि पौल यांच्यासाठी रेफ्रिगेरियम केलं. थडग्यापाशी बसून जेवायचं, त्यालाही तोच शब्द. ऑगस्टीनची आई मोनिका मिलानला गेली तेव्हा हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन निघाली होती, आफ्रिकेत तशी रीत होती. बिशप अँब्रोजने मनाई केलीय असं दारावरच्या माणसाने सांगितल्यावर ती परत फिरली. हनोखाच्या डोंगरातला झरा, श्रीमंताला हवा असलेला थेंब, दिनोक्रातेसचा हौद, सगळं या एका गारव्याच्या आसपास आहे. ग्रीक आणि इजिप्शियन लोकांचे मृतही तहानलेलेच असत. आपल्याकडे दहा दिवस पाणी कशासाठी ठेवतात ते मी सांगायला नको.

एक गोष्ट स्पष्ट करतो. पर्पेतुआच्या हौदाला 'पर्गेटरी' म्हणायची घाई करू नये. त्या नावाची स्वतंत्र जागा फार पुढची; जाक ल गोफ यांनी १९८१च्या ग्रंथात दाखवलं की 'पुर्गातोरियुम' हे नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ११७० ते ११८०च्या सुमारास रूढ होतं. २०३ साली तिच्या मनात कुठलाही नकाशा नव्हता. तिच्याच शहरातला तर्तुलियन तर म्हणत होता की सगळे आत्मे जमिनीखालच्या अधोलोकात वाट बघत थांबतात, सुखलोकात थेट जातात ते फक्त हुतात्मे. त्यासाठी त्याने दाखला म्हणून पर्पेतुआचंच नाव घेतलंय. तिने मात्र कुणाचा सिद्धांत मागितला नाही. भावाला पाणी मिळत नव्हतं, तिने मागितलं.

नंतरच्या पंडितांना हे अडचणीचं झालं. पर्पेतुआचा बाप ख्रिस्ती नव्हता, ती स्वतः अटकेत असताना बाप्तिस्मा घेते. मग तिच्या आधी वारलेल्या सात वर्षांच्या भावाचा बाप्तिस्मा झाला असेल कसा? आणि नसेल झाला तर प्रार्थनेने तो सुटला कसा? ४१९-४२०च्या सुमाराला विन्सेंटियस व्हिक्टर नावाच्या एका तरुणाने हेच उदाहरण पुढे करून बाप्तिस्मा न झालेल्यांसाठीही आशा आहे असं मांडलं. ऑगस्टीनने आत्म्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याला उत्तर दिलं : एक तर हा ग्रंथ धर्मग्रंथ नाही, आणि दुसरं, त्या वयाची मुलं बाप्तिस्मा घेऊ शकतात, तेव्हा दिनोक्रातेसचा झालेला असणार आणि नंतर त्याच्या हातून काही पाप घडलेलं असणार. म्हणजे काठाची उंची समजावून सांगण्यासाठी सात वर्षांच्या आजारी पोराच्या पदरी एक पाप बांधावं लागलं. ऑगस्टीन मोठा माणूस, त्याची बुद्धी मला कुठे पुरणार. पण टीकाकार म्हणून मला हे वाचन वाईट वाटतं. मजकुरात नसलेला भाग त्याने बाहेरून आणून जोडलाय, कारण मजकूर आहे तसा त्याच्या चौकटीत बसत नव्हता. मी गरुडपुराण जोडलं होतं ते याच्याहून काही वेगळं नव्हतं.

हे सगळं गेल्या महिन्यात बाईंना त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. पेत्राच्या यादीला त्या फारशा बधल्या नाहीत, आमच्या लहानपणी पाद्री याहून भयंकर सांगायचे, म्हणाल्या. हौदाचा भाग मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावला. ऑगस्टीनचं उत्तर ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तो त्या मुलाच्या किती वर्षांनी झाला?"

दोनशेहून जास्त वर्षांनी, मी सांगितलं.

"आणि त्याला कसं कळलं पोराने पाप केलेलं?" असं म्हणून त्या चहा गाळायला उठल्या.